धुऱ्यापलीकडची तुती

शेजारच्या शेतातला महादेवभाऊ गेला, हे मला अकोल्याच्या बसस्टँडवर कळलं. माझ्या पुतण्याचा फोन होता. गावाकडे जाणारी बार्शीटाकळीची गाडी समोरच लागलेली, आणि मी ती सोडून दिली... बसून राहिलो. मेलेल्या माणसाला तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. का, ते मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या दोन शेतांमध्ये एकच धुरा, सामाईक बांध. अलीकडे माझी कपाशीची पऱ्हाटी, पलीकडे त्याची तुती, रेशमाच्या अळ्यांसाठी लावलेली. मी किडीचं औषध फवारणार असलो की आदल्या दिवशी त्याला सांगायचं, म्हणजे तो पाला आधीच तोडून ठेवी. एवढाच आमचा ठराव. एका सकाळी अवचित मजूर मिळाले, वारा त्याच्याकडे होता, आणि मी न सांगता फवारणी उरकली. चार दिवसांत त्याच्या शेडमधल्या साऱ्या अळ्या मेल्या. "रोग आला," असं तो गावभर सांगत फिरला. मीही मान डोलावली. नालायकपणाच तो, दुसरं काय!

लोक म्हणाले, उपटून टाक ती तुती. त्यानं महिनाभर पाल्याला हात लावला नाही, नवा फुटवा येऊ दिला, आणि मग कोवळ्या फांद्या कापून बकऱ्यांना घालायला लागला. "रेशमाचा शेठ बकऱ्या चारून राहिला!" पारावर टिंगल झाली. तो आपला हसायचा. सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, पाला मिसळून गाईलाही द्यायचा. गाईचं दूध वाढलं, तेव्हा टिंगल करणारेच लावायला काड्या मागत आले.

त्याचा मुलगा पुण्यात, वहिनींचे गुडघे धरलेले. दुपारी धुऱ्यावर डबा खायला आम्ही दोघंच. कितीदा शब्द ओठावर आला...

"काहून बे, गप गप?" तो विचारायचा.

"काई नाई."

तेरवी झाल्यावर वहिनींपुढे बसलो आणि एकदाचं सारं ओकून टाकलं. त्या रागावल्या नाहीत.

"त्याईले मालूम होतं, भाऊजी. पाल्याले औषधाचा वास येत होता. मी म्हटलं, जाऊन विचारा भाऊजीले. तं म्हने, 'विचारलं तं तो धुऱ्यावर येनार नाई. मंग मी जेवू कोनासंग?'"

आता त्यांची तुती मीच कापतो, बकऱ्यांना घालतो. दुपारी धुऱ्यावर डबा उघडतो... आणि तसाच झाकतो. एकट्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही.