शहादेवचा पितळी आयपीस

शिरूर कासारचा शहादेव एसटीत मेकॅनिक, पण जीव सगळा आभाळात. दुर्बीण त्यानं घरीच जुळवली होती. तिला डोळा लावायचा आयपीस मात्र पुण्याहून जुना आणलेला, कुण्या म्हाताऱ्यानं हातानं घडवलेला, पितळी. अख्ख्या कृत्तिका त्यात एका नजरेत मावायच्या. मी सोडून कुणाला त्यानं तो शिवू दिला नाही. "माझ्यामागं हा तुझा," म्हणायचा.

कावीळ झाली आणि गेला. दहाव्याला मी त्याच्या घरी पोचलो. सुतक फिटायचं म्हणून घरातलं सगळं पितळ चिंच-राखेनं घासून अंगणात वाळत घातलेलं. तांबे, समई आणि त्यांच्यात आयपीस, सोन्यासारखा लखलखीत. मी उचलून डोळ्याला लावला. भिंग ओरखड्यांनी पार आंधळं झालं होतं.

"वहिनी, भिंगाला राख लावतं का कुणी?" मी भरल्या घरात ओरडलो.

चंद्रभागावहिनी पदराला हात पुसत जवळ आल्या. "मला काय ठावं, भावजी? उभ्या संसारात एकदाबी बघू दिलं न्हाई त्यांनी."

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लई चांगलं दिसायचं का वो त्यातून?"