खंदकासुर कुणाकुणाला सोडतो

एक खोली, एक कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि आपण हरलो हे कधीच मान्य न करणारी माणसं. एवढं असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते मेजाखालच्या धुळीसारखे आपोआप साठतात आणि कुणी झाडू घातला की सगळे एकदम बाहेर येतात!

आमची खोली म्हणजे डिचोलीतल्या माझ्या काकांच्या घराची मागची खोली. माझा चुलतभाऊ सर्वेशदादा इंजिनिअरिंगला आहे. त्याने स्वतः एक रोल-प्लेइंग गेम बनवलाय. आपला हिरो गावोगाव फिरतो, लोकांची कामं करतो, ताकद वाढवतो, औषधं गोळा करतो आणि शेवटी बॉसशी लढतो. बॉसचं नाव खंदकासुर. बंद पडलेल्या खाणीच्या खंदकात, हिरव्या पाण्यात तो राहतो. अंग लाल मातीचं, डोळे ट्रकच्या हेडलाइटसारखे.

गेम तपासायला दादाने आम्हाला धरलं. त्याचा धाकटा भाऊ साहिल, नववीतला. साहिलच्याच वर्गातला नागेश. तो मूळचा चंदगडकडचा, त्याचे बाबा इथे टिप्पर चालवतात. माझी मैत्रीण प्रतीक्षा. ती नार्व्याहून शाळेत येते आणि परतीची बस येईपर्यंत आमच्याकडे थांबते. आणि मी. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो.

दादाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "खंदकासुराला जो पहिला हरवेल, तो पुढचा बॉस बनवणार! कसा बनवायचा ते मी शिकवीन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण माझं लक्षच नव्हतं. माझा बॉस माझ्या डोक्यात तेवढ्यात तयारसुद्धा झाला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आमच्यात कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही.

*

पहिला संशय नागेशने घेतला.

खंदकासुराची अर्धी ताकद संपली की तो आरोळी ठोकायचा आणि हिरोच्या पाठीमागून एक टिप्पर भरधाव येऊन त्याला चिरडायचा. काही सूचना नाही, काही नाही. नागेशचा हिरो असा सपाट झाला तेव्हा त्याने जॉयस्टिक खाली ठेवली.

"दादा, ही सरळसरळ चीटिंग हाय!"

"अरे, बॉस आहे तो. बॉस कठीणच असतो."

"कठीण असू दे की! पण माझे बाबा मागनं येताना हॉर्न देतात. टिप्परवाल्यांची बदनामी करायची न्हाई!"

दादाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मार खाण्याआधी कळायला तरी पाहिजे, की मार येतोय."

दुसऱ्या दिवशी टिप्परला हॉर्न बसला. फक्त खऱ्या टिप्परचा हॉर्न रेकॉर्ड करायला मुख्य रस्त्यावर कोण जाणार? दादाने आमच्या वाड्यावर घरोघर सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा हॉर्न रेकॉर्ड केला. पों-पों!

*

पहिला नंबर साहिलचाच लागणार, हे आम्ही तिघांनी धरून ठेवलं होतं. बॉस बनवणाऱ्याचा सख्खा भाऊ! रात्री जेवताना दादा त्याला सगळं सांगत असणार, असं प्रतीक्षाचं मत होतं.

आणि एका संध्याकाळी तसंच व्हायला लागलं. खंदकासुर अगदी टेकीला आला. आता एकच घाव. साहिलने तलवार उचलली.

पों-पों!

साहिलने झटक्यात डावीकडे उडी मारली आणि थेट खंदकात पडला. हिरव्या पाण्यावर बुडबुडे आले. टिप्पर कुठेच नव्हता.

उघड्या जनेलाबाहेरून काकींचा आवाज आला, "सर्वेश, पोदेर आलाय रे! उंडे पाव घे!"

साहिल लालबुंद झाला. "हा दादाचा प्लॅन आहे! त्यानेच पोदेराला मेसेज केला असणार!"

नागेश शांतपणे म्हणाला, "पण हॉर्न दिला की रे त्याने!"

*

नागेशचा दुसरा संशय असा, की खंदकासुराला आपण कुठलं बटण दाबतोय ते आधीच कळतं. आपण औषध प्यायला गेलो की नेमका तेव्हाच तो मारतो. म्हणून नागेशने एकदा काकांचा टॉवेल आणला आणि जॉयस्टिकवर, स्वतःच्या दोन्ही हातांसकट, पांघरला.

"आता बघू दे कसा बघतो!"

खंदकासुराला बटणं दिसली नाहीत. नागेशलाही दिसली नाहीत. 'औषध' निवडायच्या जागी त्याने 'पळ काढा' निवडलं आणि त्याचा हिरो खंदकातून जो सुटला तो गावच्या बाजारात जाऊन उभा राहिला.

नागेशने टॉवेल काढला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बघितलंस? घाबरून पाठीमागे आला न्हाई तो!"

*

प्रतीक्षाचे आजोबा त्यांच्या वाड्यावरच्या देवळात कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न देवाला विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही.

"आपण भांडतोय कशाला?" प्रतीक्षा म्हणाली. "सरळ विचारू या!"

तिने अंगणातून तगरीच्या पाकळ्या आणल्या, पाण्यात बुडवल्या आणि पडद्यावर उभ्या असलेल्या खंदकासुराच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली. हात जोडले. "खंदकासुर आमची फसवणूक..."

उजवी पाकळी पडलीसुद्धा!

"करतो! करतो!" साहिल नाचायला लागला. "देवानेच सांगितलं!"

नागेश मात्र मेजावरच्या पंख्याकडे बघत होता. पंखा उजवीकडे होता. त्याने तो उचलून डावीकडे ठेवला आणि प्रतीक्षाला पुन्हा विचारायला लावलं. या वेळी डावी पाकळी पडली.

"बघा! हा कौलपण सेट हाय!"

प्रतीक्षाला भयंकर राग आला. तिने पंखाच बंद केला. मग आम्ही घाम पुसत बसलो आणि पाकळ्या काही पडेनात. तिची बस यायची वेळ झाली, ती तणतणत गेली, तरी पाकळ्या जागच्या जागी.

संध्याकाळी काका खोलीत डोकावले. लाल मातीचा तो राक्षस, दोन्ही खांद्यांवर पांढरी फुलं घेऊन उभा.

"काय रे," काका म्हणाले, "लग्नबिग्न ठरलं की काय याचं?"

*

मध्ये एकदा दादा लॅपटॉप घेऊन हरमलला मामांकडे गेला होता. मामा पर्यटकांना खोल्या देतात. तिथे राहिलेल्या एका गोऱ्या माणसाला दादाने गेम खेळायला दिला. हा माणूस तपासायला बरा, कारण तो आमच्यातल्या कुणाचाच नातेवाईक नव्हता!

तो दुपारभर खेळला. गेममधल्या प्रत्येक म्हातारीशी बोलला, प्रत्येक विहिरीचं पाणी प्यायला, नदीकाठी हिरोला तासभर नुसता बसवून ठेवला. मग लॅपटॉप परत देत म्हणाला, फार शांत गेम आहे.

दादाने विचारलं, "आणि बॉस कसा वाटला?"

"यात बॉस आहे?"

साहिल अजून म्हणतो, की तो एखाद्या गेम कंपनीचा गुप्तहेर असणार.

*

आता माझा संशय.

कुणीही खेळत असलं की बाकीचे पडद्याकडे बघतात. मी दादाकडे बघायचे. तो खेळणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर, कीबोर्ड मांडीवर घेऊन बसतो. "चुका टिपतो," म्हणतो. पण टिपताना मी त्याला क्वचितच बघितलं.

गणिताचा पेपर हातात पडल्यावर प्रतीक्षा डोळे सुजवून आली होती. त्या दिवशी खंदकासुर पायात काटा रुतल्यासारखा चालत होता. नागेशचे आजोबा आजारी पडले आणि त्याचे बाबा गावी गेले, त्या आठवड्यात टिप्पर एकदाही आला नाही. साहिल मात्र "आज बघाच!" म्हणत बसला, की खंदकासुर त्याला दाणकन आपटायचा.

मग माझ्यावर वेळ आली. शाळेच्या प्रार्थनेनंतर मला सुविचार वाचायला उभं केलं होतं. मी पहिल्या शब्दावर अडकले, सगळी रांग हसली. हे प्रतीक्षाने घरी येऊन दादाला सांगितलं असणार. त्या संध्याकाळी खंदकासुराने माझ्यावर हात उगारला आणि तो हात वरच राहिला. तो मारेचना! मी दोन घाव घातले, चार घातले, तो आपला उभा.

मी हळूच बाजूला बघितलं. दादा जनेलाबाहेर बघत शीळ घालत होता. त्याची करंगळी कीबोर्डच्या अगदी वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर होती.

मी जॉयस्टिक खाली ठेवली.

"का गो? जिंकत होतीस ना!" दादा म्हणाला.

"पाणी पिऊन येते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि पुन्हा खेळायला आले नाही. मला जिंकायचं होतं. खंदकासुराने मला जिंकवायला नको होतं.

*

मी चवथीची वाट बघितली.

गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे माटोळी बांधतात. लाकडी चौकट, आणि तिला टांगलेले नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड, रानातली फळं. फळं आधी बांधून मग चौकट वर चढवायची, ही काकांची स्वतःची पद्धत. त्यामुळे काका आढ्याला दोऱ्या आवळतात तोवर कुणालातरी ती अख्खी बाग दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. हे काम दरवर्षी दादाचं.

मागची खोली सामानाने भरल्यामुळे कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, माटोळीच्या समोरच आणून ठेवला होता. साहिल आणि नागेश राहिलेली फळं आणायला बाजारात गेले होते. दादाने स्टुलावर उभं राहून चौकट डोक्यावर घेतली. काकांनी पहिली गाठ मारायला घेतली.

मी जाऊन जॉयस्टिक उचलली.

"आता?" दादा वरून ओरडला. "थांब गो, एवढं होऊ दे. मी येतो तुझ्या बाजूला."

"नको," मी म्हटलं.

त्या दिवशी खंदकासुराने मला साहिलसारखंच झोडपलं. माझी औषधं संपली. पों-पों झालं, मी आधी जनेलाकडे बघून खात्री केली, मग उडी मारली. वर आंबाडे एकमेकांवर आपटत होते.

"डावीकडे! अगो, डावीकडे!"

"हलू नको रे!" काका दोरी दातांत धरून ओरडले. "नारळ डोक्यात घालतोस माझ्या!"

शेवटचा घाव मी डोळे मिटून घातला. उघडले तेव्हा खंदकातलं पाणी संथ झालं होतं आणि आमच्यापैकी कुणीच कधी न ऐकलेलं एक संगीत वाजत होतं.

"जिंकली!" दादा एवढ्या जोरात उडाला की एक चिबूड सुटून जमिनीवर फुटलं.

"जिंकली ते चांगलं झालं," काका म्हणाले, "पण आता गणपतीला काय, राक्षस टांगू?"

मुलगे बाजारातून आले तेव्हा अर्थातच कुणाचा विश्वास बसेना.

"साक्षीदार कोण?" नागेशने विचारलं.

"साक्षीदार कशाला?" साहिल म्हणाला. "दादाने सोडलं असणार तिला. लाडकी आहे ना!"

माझे कान तापले. दादा अजून स्टुलावरच होता, चौकट डोक्यावर घेऊन.

"कुणी सोडलं नाही रे!" तो म्हणाला. "सरळ लढून जिंकली ती. माझे दोन्ही हात वर होते!"

नागेशने फळांची पिशवी हळूच खाली ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या हातांचा काय संबंध?"

*

दिवाळीच्या सुट्टीत दादाने मला शिकवलं आणि मी माझा बॉस बनवला. एक घुबड. नाव घुबडबाय. ती ओरडत नाही, टिप्पर बोलावत नाही. झाडावर बसून नुसती बघत असते. झेप घेण्याआधी एकदा डोळे मिटते. प्रत्येक वेळी मिटते, आणि सगळ्यांसाठी मिटते.

तपासणीच्या दिवशी सगळे हजर होते. साहिल म्हणाला, हे नक्की फार सोपं असणार. प्रतीक्षा म्हणाली, नक्की फार कठीण असणार. नागेश म्हणाला, "पहिला दादाच खेळणार! आणि कीबोर्ड लांब ठेवा त्याच्यापासून!"

"असू दे तिथेच," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कीबोर्ड दादाच्या शेजारी स्टुलावर राहिला.

दादा चांगला खेळला. पण घुबडबायचे मिटलेले डोळे त्याला दोनदा उशिरा दिसले. तिसऱ्यांदाही उशीर झाला. हिरो गुडघ्यावर आला. औषध संपलं. साहिल खुर्चीवर चढून ओरडायला लागला, "गेला! दादा गेला!"

दादाची नजर पडद्यावरच होती. पण त्याचा डावा हात जॉयस्टिकवरून निघाला, स्टुलावर गेला आणि करंगळीने न बघताच वरचा कोपरा शोधून काढला.

त्याने बटण दाबलं. घुबडबाय तशीच बसून राहिली.

त्याने पुन्हा दाबलं.

घुबडबायने मान वळवली आणि सरळ समोर बघितलं. पडद्याच्या खाली संवादाची चौकट उघडली. तिच्यात एकेक अक्षर उमटत गेलं:

"दादा, ते बटण आता चालत नाही. मी डोळे मिटतेय, उडी मार."