अक्कांचा तांब्या

मी धर्मगुरू आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं, याचा असल्या गोष्टींवर विश्वास असणारच. छे हो! घरात कसले कसले आवाज येतात म्हणून कुणी बोलावलं, की मी आधी वायरिंग तपासायला सांगतो. तरी हे लिहितोय... कारण ते मी एकट्यानेच ऐकलेलं नाही.

मी वसईचा. लहानपणापासून जीभ अडायची. एखाद्या शब्दापाशी थांबलो की थांबलोच! पण ध्यास एकच — फादर व्हायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तत्त्वज्ञान शिकायला बंगलोरच्या सेमिनरीत गेलो. भाषा परकी, जेवण परकं... तरी त्या शहरावर जीव जडला, तो चामराजपेटच्या अक्कांमुळे.

रविवारी आम्हा ब्रदर लोकांना आजाऱ्यांच्या भेटीला पाठवत. एकदा गल्ली चुकलो. एका दारात मोडक्या कन्नडमध्ये पत्ता विचारताना जीभ अडली, आणि तोंडून निघालं, "अरे देवा!" तर आतून एका म्हाताऱ्या बाईंचा, म्हणजे अक्कांचा, आवाज, चक्क मराठीत — "उन्हात काय उभा रे? आत ये, स्वल्प कॉफी घे. तुझा देव वेगळा असेल, तहान तीच ना?"

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या तिथलंच. घरात मराठी, पण शाळा कन्नड, त्यामुळे आपली अक्षरं त्यांना वाचता येत नसत. कोल्हापूरची भाची मराठी मासिकं पाठवायची, ती नुसती पडून. मग दर रविवारी मी वाचायचो, त्या ऐकायच्या. मी अडलो की बोटातली अंगठी पितळी तांब्यावर वाजवायच्या — टिण्! "गाडी चुकतेय का तुझी? श्वास घे." आणि शब्द सुटायचा.

पुढे दोन वर्षं मला गावाकडच्या शाळेत शिकवायला पाठवलं. तिथे पोरं माझी नक्कल करायची. नंतर थिऑलॉजीसाठी पुन्हा बंगलोर! स्टेशनवर उतरलो तेव्हा इतका आनंद झाला, काय सांगू.

तो फार टिकला नाही. सेमिनरीचे नवे प्रमुख, रेक्टर, म्हणाले, "ब्रदर, रविवारच्या मिस्सात तुम्ही वाचन करा. लोकांसमोर वाचताच येत नसेल, तर बिशपांना मी काय कळवू?" म्हणजे जमलं नाही तर बॅग उचला. पहिला आठवडा बाहेर जायची परवानगी नव्हती. मी परत आलोय हे अक्कांना माहीतच नव्हतं, आणि त्यांच्या घरी फोनही नव्हता.

रविवार उजाडला. चॅपलमधल्या प्रार्थनेत बायबल वाचायला उभा राहिलो, दोन ओळी धड गेल्या... आणि अडलो. कुणीतरी खाकरलं. रेक्टरांनी मान खाली घातली. संपलं सगळं, असं वाटलं.

टिण्!

स्पष्ट. पितळेवर अंगठीचा आवाज. मी श्वास घेतला, शब्द सुटला. पुढे पुन्हा अडलो, पुन्हा टिण्! वाचन पूर्ण करून जागेवर येऊन बसलो.

मिस्सा संपल्यावर रेक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारीही तुम्हीच वाचा." आणि मग चिडून सगळ्यांकडे वळले, "मिस्सा चालू असताना भांडं कोण वाजवत होतं?" कुणीच नाही. स्वयंपाकघर तर मागच्या इमारतीत!

दुपारी परवानगी काढली आणि हेब्बाळकडच्या सेमिनरीतून दोन बस बदलून चामराजपेट गाठलं. अक्कांच्या सुनेने दार उघडलं.

"अय्यो, ब्रदर! कधी आलात? अहो, गंमत ऐका. आज सकाळी सासूबाई नाष्टा सोडून तांब्या वाजवत बसल्या होत्या. इथे वाचतंय कोण, म्हटलं, तर मलाच गप्प बस म्हणाल्या!"

मी आत जाऊन बसलो, सुनेने कॉफी पुढे ठेवली. डोळे भरून आले होते. अक्का गुडघे चोळत माझ्याकडे बघत होत्या.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय ठाऊक रे! कुणीतरी अडलंय असं वाटलं. अडलं की वाजवायचं. सरी, असू दे, कॉफी पी आधी, निवतेय."

फादर होऊन आता बरीच वर्षं झाली. अक्का गेल्या. प्रवचनात अजूनही कधी अडतो, श्वास घेतो, शब्द येतो. त्या सकाळचं मात्र कोडं सुटलेलं नाही. वायरिंग तपासून झालंय. त्या चॅपलमध्ये पितळेचं एकही भांडं नव्हतं.