शेजारचा मोगरा

पूर्णेच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर अण्णासाहेबांनी सगळा जीव मोगऱ्यात गुंतवला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका फुलं त्यांच्याच दारातून न्यायच्या. पहिला गजरा मात्र बायकोचा, हेमाताईंचा. तो माळताना त्या अशा हसायच्या, की त्या एका हसण्यापायी हा माणूस वर्षभर झाडाला पाणी घालायचा.

मग पेडगावचे दिनकरराव शेजारी घर बांधून राहायला आले. त्यांनी कुंपणाशी चार मोगरे खोचले, पाखरांसाठी पाण्याचं परळ ठेवलं, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तिकडे लाह्या फुटाव्यात तशी फुलं! बुलबुल तिकडे, साळुंक्या तिकडे, लिंबाच्या मोहरातला शिंजीरसुद्धा तिकडेच. अण्णासाहेबांनी ईर्षेनं दुप्पट पाणी घातलं, तर त्यांचा मोगरा पानांनी नुसता माजलेला; कळी औषधालाही नाही. हेमाताई परडी घेऊन कुंपणाशी गेल्या तेव्हा अण्णासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोनं दुसऱ्याची फुलं माळावीत आणि हसावंही तसंच? त्या रात्री ते जेवले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

पुढच्या माघात दिनकरराव हरभरा-गहू काढायला गावी निघाले. फाटकाची किल्ली अण्णासाहेबांच्या हातात देत म्हणाले, "सुगी उरकूस्तवर येत न्हाई मी. मोगऱ्याला अधनंमधनं पाणी बघा. अन् परळात बी घाला, पाखरं लय आशेनं येतेत."

"निवांत जा," अण्णासाहेब म्हणाले.

किल्ली खुंटीला लागली ती लागलीच. शेजारचं परळ कोरडं पडलं तशी पाखरं इकडे वळली. अण्णासाहेबांनी अंगणात नवंकोरं परळ मांडलं आणि "हेमा, शिंजीर आला बघ!" म्हणत सकाळ गोड करून घेतली. गावाबाहेर पळस फुलला होता, तो बघून यायचे तेही शीळ घालत. शेजारच्या मोगऱ्याची पानं गळाली, काड्या उरल्या. एकदा कसंसंच वाटलं म्हणून बादली घेऊन कुंपणापर्यंत गेले. तिथं मागच्या चैत्रातली परडी आठवली, आणि बादली आपल्याच झाडाला ओतून आले.

होळीनंतर दिनकरराव परतले. अण्णासाहेब दाराआड सबब जुळवत उभे. दिनकररावांनी एक काडी नखानं खरवडली आणि ओरडलेच, "अण्णासाहेब! अवो, काय पाण्याचा ताण दिलाव! आतून हिरवी हाय बघा. आता हा फुलतोय का न्हाई पाहा. माझ्यानं एवढं पाणी तोडवत न्हाई, वाळंल म्हणून भ्या वाटतंय."

त्यांनी शेंडे छाटले, शेणखत घातलं, पाणी सोडलं. चैत्रात मोगरा असा लगडला की पान दिसेना. पाखरंही आपल्या जुन्या परळावर परत गेली. हळदीकुंकवाच्या दिवशी फुलं न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला दिनकरराव सांगत होते, "ही सगळी अण्णासाहेबांची करामत!" बायका कौतुक करत होत्या आणि अण्णासाहेब पन्ह्याचा पेला हातात धरून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. सांगावं तर अब्रू जाते, गप्प राहावं तर शेजाऱ्याचा मोगरा आपल्याच नावानं दरवळतो.

बायका गेल्यावर हेमाताई अंगणात आल्या. अंबाड्यात गजरा होता, शेजारचाच.

"लय नाव झालं तुमचं."

अण्णासाहेब हातातला पेला विसळायला वळले.

"मी खिडकीतून बघत होते," त्या म्हणाल्या. "बादली कुंपणापर्यंत नेली होतीत. परत का आणलीत, तेही कळलं मला."

अण्णासाहेबांची मान खाली गेली. समोर त्यांचा लाडका मोगरा हिरवागार उभा होता, एकही कळी नसलेला. हेमाताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि अगदी तशाच हसल्या.

"पुढच्या माघात आपल्या मोगऱ्याचा बी असाच दुस्वास करा."