खंडेनवमीला घासलेला जपानी रेडिओ

आमच्या मालकांनी म्हातारपणी जपानी फौजेचे रेडिओ पाळले आहेत.

माणसं शेळ्या पाळतात, म्हशी पाळतात. शेळी निदान लेंड्या तरी देते! हे टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि भंगारवाल्यांच्या मागं लागले. ब्रह्मदेशाच्या लढाईतून कोणाच्या तरी आज्यानं आणलेली लोखंडी पेटी कुठं सापडली, की हे निघाले. जवळा बाजारच्या आमच्या घरात अशा तीन पेट्या होत्या. एकही बोलत नाही. (मी बोलते, ते ह्यांना ऐकू येत नाही.) प्रत्येकीची हकीकत वहीत लिहिलेली. सोयाबीनच्या खोलीत ह्यांच्या पेट्या, आणि सोयाबीन माझ्या पलंगाखाली!

यंदा खंडेनवमीच्या दोन दिवस आधी चौथी आली. तिच्या पितळी पाटीवर काळी जपानी अक्षरं होती. ती वाचायला पुण्याहून एक सर येणार होते. असा कोणता रेडिओ कोणत्या गावात आहे, याची ते यादी करतात. पाटी वाचली, की आमची पेटी यादीत! लेकीच्या लग्नातही हे इतके फुगले नव्हते.

खंडेनवमीला आम्ही विळा, खुरपं, कुऱ्हाड घासूनपुसून पूजेला मांडतो. सकाळीच हे म्हणाले, "दत्ताची माय, माझी नवी पेटीबी मांड."

"मळकं काही मी देवापुढं मांडत नसते!"

"मंग पूस जरासं."

जरासं! ह्यांच्या तोंडून आयुष्यभर हेच ऐकलं. रागाच्या भरात चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पाटी अशी घासली, की तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. तोंड दिसलं, अक्षरं मात्र दिसेनात! (मळ काय अन् जपानी काय, मला दोन्ही सारखंच काळं.)

सून धावत आली. "आत्याबाई, हे काय केलंत वो!"

"गप. हळदीकुंकू आण."

पाटीवर बोटभर हळदीकुंकू थापलं, वर झेंडूचा हार. तेवढ्यात सर आलेच. बूट काढून पेटीपुढं गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, भला माणूस, पाया पडतोय. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि रुमालानं कुंकू पुसायला लागले!

"पूजा मोडू नका, पाप लागंल!" मी ओरडले.

"काका," सर म्हणाले, "पाटी तर कोरी आहे."

हे माझ्याकडं वळले. "काहून घासली?"

"तुमीच म्हणलात!"

"पूस म्हणलो व्हतो!"

"मंग पुसलीच की! जोरात पुसली!"

पाटी वाचल्याशिवाय यादीत घेता येत नाही, असं सर हळूच म्हणाले. ह्यांचा चेहरा पार उतरला. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण हे वही उघडून लिहायला बसले. त्याचाच मला जास्त राग आला! मी चौथी पास आहे, खांद्यावरून वाचलं. माझं आख्खं नाव, आडनावासकट.

लग्नाला पन्नास वर्षं झाली. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, लाइटबिलावर नाही. शेवटी एका कागदावर लागलं, तेही जपानी फौजेचं नुकसान कोणी केलं, त्या रकान्यात!