शून्यावर अडकलेला आकडा

फ्लॉपी ड्राइव्हमधले वाचणारे डोके या क्षणी नेमके कुठे उभे आहे, हे ड्राइव्ह न उघडता बाहेरून दिसेल अशी सोय शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल का? मी सोडवायला घेतलेला प्रश्न एवढाच होता. उत्तर मिळाले, आणि ते ज्या रीतीने मिळाले तिचा मला आजही अभिमान वाटतो.

नवीन जालन्यातील आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थेने आम्हाला एक संगणक दिला. त्याच्या शेजारी पत्र्याच्या पेटीत फ्लॉपी ड्राइव्ह होता. तो नसेल तर मुलांनी तासभर बसून टंकलेला प्रोग्रॅम वीज जाताच पुसला जाई. आणि वीज जाणे ही गोष्ट आमच्याकडे अपवादाची नव्हती. म्हणून ड्राइव्ह चालू असेल तरच संगणक उपयोगाचा, असे सगळेच मानत. संस्थेच्या अंबडकडील शाळेचाही त्या संगणकावर डोळा होता.

आठवीच्या वर्गाला मी सांगितले, की फ्लॉपीच्या तबकडीवर एकात एक अशी चाळीस वर्तुळे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात, आणि डोके त्यांच्यावरून पुढे-मागे सरकते. वर्गातून लगेच विचारणा झाली, "बाई, पण त्याला कसं कळतं आपण कितव्यावर आहोत?"

खरे सांगायचे तर त्याला कळत नाही. मी बारवेचे उदाहरण दिले. डोळे बांधून बारवेच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या असतील तर माणूस काय करील? आधी खाली जाईल. पाण्याला पाय लागला की ती शून्य पायरी. तिथून पुढे प्रत्येक चढती पायरी अधिक एक, उतरती वजा एक. हिशेब चुकला असे वाटले, तर पुन्हा पाण्यापाशी जायचे. ड्राइव्हचे तसेच आहे. एका तारेवर 'पाऊल टाक' हा इशारा येतो, दुसरीवर दिशा येते, आणि डोके शून्य ट्रॅकवर पोहोचले की तिसऱ्या तारेवर ड्राइव्ह स्वतः तसे कळवतो.

या तीन तारा सापडल्या, तर त्यांच्यावरून आकडा दाखवता येणार होता. पेटीमागच्या चपट्या केबलमध्ये चौतीस तारा होत्या. माहितीपुस्तिका वाचून आणि प्रत्येक तारेची परीक्षा घेऊन मी हव्या त्या शोधल्या. औरंगाबादहून सुटे भाग आणले: चढती-उतरती मोजणी करणाऱ्या दोन चिप आणि लाल आकड्यांची जोडी. शिवाय तीन छोटे दिवे घेतले. एक संगणकाने ड्राइव्हला कामाला बोलावल्याचा, एक लेखन चालू असल्याचा, एक फ्लॉपीवर लेखनबंदी असल्याचा. मोजणी अशी जोडली, की शून्याची तार बोलली की आकडा शून्य व्हावा.

पहिल्यांदा ते चालले तेव्हा सगळा वर्ग पेटीभोवती जमला होता. डोके कर्र आवाज करीत सरकू लागले आणि लाल आकडे ००, ०१, ०२ असे चढत गेले. मुले मोठ्याने मोजू लागली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, तेव्हा मी त्यांना गप्प केले. पण लगेच नाही.

त्यानंतर दसरा आला. खंडेनवमीला आमच्या शाळेत सर्व साधनांची पूजा होत असे. घंटा, तराजू, टंकयंत्र, सुतारकामाची करवत, आणि त्या वर्षी संगणकही. मुख्याध्यापक सर तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातले. नांगराची पूजा करावी तितक्याच मनोभावे त्यांनी ड्राइव्हची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुले, फुलाने शिंपडलेले पाणी. मीही हात जोडले.

सुट्टीनंतर ड्राइव्ह कधी चाले, कधी पडद्यावर चूक दाखवी. आणि माझे लाल आकडे ०० वरून हलेनात. डोके सरकल्याचा आवाज येई, पण आकडा तोच.

गणिताचे सर दारातूनच म्हणाले, "काय बाई, जालन्यातल्या रिक्षांना मीटर न्हाई, अन् तुमच्या पेटीला मीटर हाय तं गाडी पळून राह्यली तरी आकडा जागचा हलंना!"

"मीटर बरोबर आहे की नाही ते बघते आहे, सर."

"बघा. पण मी सांगू? तुमच्या ह्या तारांनीच ड्राइव्हचं वाटोळं केलं. चांगला चालत होता की."

मुख्याध्यापक सर मात्र चिडले नव्हते, खिन्न झाले होते. "बाई, शनिवारी संस्थेचे सचिव येऊन राह्यलेत," ते म्हणाले. "ड्राइव्ह बंद दिसला तं संगणक अंबडकडं जाईल. मंग मला काय बोलता येणार न्हाई. तुमचे ते दिवे काढून टाका, आन् एकदा बराबर चालू करून दाखवा."

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी दिवे आणि आकडे, सगळी जोडणी काढली. ड्राइव्ह तरीही चुकतच राहिला. म्हणजे दोष माझ्या जोडणीत नव्हता. मग मी ती पुन्हा जोडली आणि स्वतःला विचारले, की आकडा खोटे बोलत नसेल तर तो काय सांगतो आहे? शून्याची तार बोलली की आकडा शून्य होतो. आकडा सतत शून्य आहे, म्हणजे ती तार सतत बोलते आहे. बारवेत मधल्याच पायरीवर कुणी पाणी सांडून ठेवले, तर डोळे बांधलेला माणूस तिथेच थांबून म्हणेल, 'आलो मी तळाला.' ड्राइव्ह तसाच फसत होता. योगायोगाने डोके खरोखर शून्यावर असेल तेव्हा चाले, नसेल तेव्हा चुके.

मी पत्र्याचे झाकण काढले. शून्य ट्रॅक ओळखणारा भाग घोड्याच्या नालेच्या आकाराचा असतो: एका बाहूत न दिसणारा प्रकाश देणारा दिवा, समोर त्याचा डोळा. डोके शून्यावर आले की एक पट्टी मधे येऊन तो प्रकाश अडवते. त्या नालेच्या फटीत पिवळा थर घट्ट बसला होता. वरच्या हवेच्या झरोक्यांतून आत पडलेली हळद पाण्याने भिजून वाळली होती. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने मी ती पुसली. वीज दिली. ००, ०१, ०२.

शनिवारी सचिव आले. मी त्यांना ड्राइव्ह चालतो एवढेच दाखवले नाही. उघड्या पेटीतील त्या फटीत कागदाची पट्टी धरली; आकडा शून्यावर अडकला आणि पडद्यावर चूक आली. पट्टी काढून यंत्र पुन्हा सुरू केले. आकडा चालू लागला. हे मी पुन्हा करून दाखवले.

"म्हणजे बिघाड तुम्ही पाहिजे तेव्हा आणू शकता, पाहिजे तेव्हा घालवू शकता?" सचिव म्हणाले.

"हो. म्हणून तर कारण सापडले असे म्हणते."

"पण आत गेलं काय होतं?"

मी मुख्याध्यापक सरांकडे पाहिले नाही. तेच पुढे झाले. "हळद, साहेब. पूजा मीच केलती. बिलकुल हात आखडता घेतला न्हाई."

सचिव इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. "अंबडला पूजा कोण करतं मला माहीत नाही," ते म्हणाले. "संगणक इथंच राहू द्या."

गणिताचे सर जाताना आकड्यांपाशी वाकून उभे राहिले. "मीटर खरं हाय म्हणायचं," ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढे पुरेसे होते. पुढच्या खंडेनवमीला मुख्याध्यापक सरांनी पेटीवर आधी प्लास्टिकचे आवरण घालायला सांगितले, मग त्यावर हळदीकुंकवाचे एकेक बोट लावले.

ज्यांच्याकडे असा जुना ड्राइव्ह पडून असेल, त्यांनी वीज बंद करून झाकण काढावे, शून्याच्या तारेवर योग्य रोध (रेझिस्टर) लावून एक दिवा जोडावा, वीज देऊन त्या फटीत कागदाची पट्टी धरावी आणि काय होते ते पाहावे. काही ड्राइव्हमध्ये शून्य ओळखण्याची रीत वेगळी असते, तेव्हा आधी पुस्तिका वाचावी. माझ्या सांगण्यावर विसंबू नये. कृपया स्वतः तपासून पाहावे.