धुराडेदादांची उदबत्ती

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की धुराडेदादा आधी छताकडे बघायचे, मग माणसांकडे. "या, बसा" म्हणणाऱ्या बाईला उत्तर न देता मान वर करून उभे राहायचे आणि दमलेल्या आवाजात विचारायचे, "वर सगळं लाकूडच आहे ना?" त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण कॅनबेरातल्या मराठी घरात लाकडाचा हीटर बसवायचा आणि त्याचा धूर छपरातून बाहेर काढायचा, म्हणजे दादाच. त्यामुळे धुराडं त्यांना जन्माचं चिकटलं. मूळचे नागपूरचे, बॉयलरचे इंजिनिअर. इथे सरकारी नोकरीत बरीच वर्षं काढली, खुर्चीचा वीट आला तेव्हा रीतसर लायसन्स घेतलं आणि लोकांच्या छपरांवर चढू लागले.

आम्ही गुंगालिन या उपनगराच्या पुढे, शहराच्या हद्दीजवळ जुनं घर घेतलं तेव्हा माझे दिवस भरत आले होते आणि थंडी अशी की घरात बोललं तरी तोंडातून वाफ निघायची. जुना हीटर दादांनी पाहिला आणि फक्त "हं" म्हणाले. तो निघाला, नवा आला. काम करताना त्यांचं एक पालुपद चालू असे, "थकलो बाप्पा." खरंच थकलेले असायचे, गुडघे धरून शिडी उतरायचे. पण पाइप छतातून जातो तिथे भोवतालच्या तुळईपासून मोकळी जागा सोडायची, तर पुन्हा पुन्हा चढून बघायचे. "लाकूड एकदम नाही पेटत," म्हणायचे. "रोज थोडं थोडं भाजत राहते. घरच्यांना वाटते, इतके दिवस काही झालं नाही, म्हणजे ठीकच आहे."

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, छपरावरच्या उंच नळकांड्याची लाज वाटायला लागली. "दादा, जरा कमी करू या का? घर साखर कारखान्यासारखं दिसतंय."

"दिसू दे. धूर घराच्या माथ्यावरून गेला पाहिजे. खाली ठेवला, तर वारा त्याला पुन्हा तुझ्याच घरात आणून सोडते." नितीनने ऐकलं. तो सहसा ऐकत नाही.

काम झाल्यावर दादांनी हत्यारांच्या पेटीतून उदबत्ती काढून पेटवली. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, बाळंतपणासाठी कऱ्हाडहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी झटकन पदर सावरून हीटरला हात जोडले. दादा उदबत्ती हीटरच्या दारापाशी धरत, मग भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या जाळीपाशी नेत म्हणाले, "पूजा नाही ताई. हवा कुठून कुठं जाते ते पाहून राहिलो." आई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. जोडलेले हात सोडायचे कसे, हा प्रश्नच असतो. जाताना दादा म्हणाले, "आठवड्याभरानं येतो." मी विचारलं, काम तर झालं ना? "हीटर बसला. आता त्याच्यासंगं तुम्ही कसे राहता, ते पाहाले येतो."

मध्ये माझं बाळंतपण झालं. मुलगी झाली. आईंनी कंबर कसली. बाळंतिणीला वारा लागायला नको म्हणून भिंतीतल्या जाळीत जुन्या लुगड्याचा बोळा गेला, खिडकीच्या फटींत टॉवेल गेले. खोलीचं दार लावून आई हीटरमधले निखारे लोखंडी घमेल्यात काढून आणायच्या, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकायच्या आणि घमेलं माझ्या खाटेखाली सरकवायच्या. ऊब इतकी छान की डोळे मिटायचे. मग डोकं दुखायचं, मळमळायचं, हात उचलवायचा नाही. नितीनला वाटे, जागरणं. आईंना वाटे, पहिलटकरीण. मलाही वाटायचं, थकवाच हा, आईपणाचा. बाळ फार झोपायचं, दूध प्यायलाही उठायचं नाही. केवढं शहाणं बाळ, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

दादा आले. जाळीतला बोळा बघितला. माझ्याकडे बघितलं. "पोरी, थकवा घरात जास्त वाटते की बाहेर?"

मी आठवलं. आदल्या दिवशी नर्सकडे गेले होते, तिथे डोकं हलकं झालं होतं. तसं सांगितलं. दादा तडक माझ्या खोलीत गेले, खाटेखालून घमेलं ओढलं आणि अंगणात नेऊन ठेवलं. गुडघ्यांचं त्यांना भान नव्हतं. खिडक्या सताड उघडल्या. "बाळाला घ्या, बाहेर चला. नितीन, अँब्युलन्सला फोन लाव. आत्ता!" त्यांचा चढलेला आवाज मी तेवढाच एकदा ऐकला.

हॉस्पिटलात आम्हा दोघींना ऑक्सिजन दिला. बाळ रडलं. मोठ्यांदा, रागाने रडलं. इतकं गोड काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आई मात्र कोसळल्या. जेवेनात, बाळाला हात लावेनात. दोन दिवसांनी दादा पुन्हा आले, भिंतीवर विषारी वायूचा अलार्म लावला आणि आईंसमोर जमिनीवर बसले. "ताई, निखाऱ्याच्या धुरातलं विष दिसत नाही, त्याला वास नाही. माझ्या वेळी माझ्या मायनंही घमेलंच ठेवलं होतं. फक्त आमच्या घराच्या कुडाला भोकं होती, म्हणून मी वाचलो. शेक द्या ना, कोण नाही म्हणते? धूर नका देऊ." मग दोघांनी मिळून तव्यावर ओवा गरम केला, पुरचुंडी बांधली आणि आईंनी बाळाचं पोट शेकलं. चहा झाल्यावर दादा म्हणाले, "थकलो बाप्पा," आणि गेले.

यंदा ऑगस्टमध्ये दादा गेले. झोपेतच. तिरडीला खांदा द्यायची पद्धत इथे नाही, पण ज्यांच्या छपरांवर ते चढले होते ती सगळी माणसं आली होती. मला खूप रडू आलं. माझी मुलगी त्यांच्यामुळे जिवंत आहे, हे मी त्यांना कधी नीट बोलूनच दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी कऱ्हाडला फोन केला. आई पुतणीच्या घरी होत्या, ती बाळंत झाली होती. दादा गेल्याचं मी सांगितलं. मागून कुणीतरी म्हणत होतं, काकू, शेगडी आत आणली, दार लावून घ्या, वारं येतंय.

"बाहेर ने ती!" आई ओरडल्या. "आणि खिडकी उघड. उघड म्हणते ना! आमचे दादा गेले."